शेजाऱ्यांसाठी नाताळची भेट: या चुका टाळा

नळाला पाणी नसेल त्या दिवशी आपल्या दोन बादल्याही भरून ठेवणारे, आपण कामावर असताना कुरिअर घेणारे, अपरात्री आईला दवाखान्यात न्यायला गाडी काढणारे शेजारी ख्रिस्ती असतील, तर डिसेंबरात त्यांना काहीतरी द्यावं असं वाटतंच. वाटतं ते महिनाभर आणि घेतलं जातं 24 तारखेला संध्याकाळी. बेकरीत उरलेला अर्धा किलोचा प्लम केक, वर लाल रिबन. तोवर त्यांच्या टेबलावर तसेच चार केक येऊन पडलेले असतात. नाताळच्या भेटीत वस्तूपेक्षा तारीखच जास्त वेळा चुकते. म्हणून आधी तारीख ठरवा, वस्तू नंतर.

25 तारखेची वाट पाहणं

त्या घरातला डिसेंबर कसा जातो ते बघा. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, सुरू होतो. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खिडकीत दिव्याची चांदणी लागते, गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, सामान माळ्यावरून खाली येतं. 15 ते 23 हे दिवस फराळाचे: कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम नावाची दुधाची मिठाई, पेरूचं चीज म्हणजे पेरूच्या घट्ट वड्या, गोव्याकडच्या घरात दोदोल, बिबिंका आणि हरभऱ्याच्या डाळीचं दोस. 24च्या रात्री चर्च, 25ला पाहुणे. 24ला रात्री आठ वाजता तुम्ही बेल वाजवता तेव्हा घरातला एक माणूस इस्त्री करत असतो आणि दुसरा तयार होत असतो.

शिवाय मूळचे गोवा, मंगळूर किंवा केरळचे बरेच शेजारी 20 तारखेच्या आसपास गावी निघतात. मग पिशवी कडीला अडकवून येण्याची वेळ येते आणि आत केक असेल तर उंदरांची सोय होते. पहिल्या आठवड्यात सहज विचारून ठेवा, ‘नाताळाला इथेच आहात ना?’ एवढ्या प्रश्नात अर्धं काम होतं. गावी जाणार असतील तर काचेची, कुंडीतली, जड वस्तू बाद.

देण्याच्या चांगल्या वेळा दोन. एक, डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे वस्तू सणात वापरली जाते. दुसरी, 27 डिसेंबर ते 6 जानेवारी. नाताळचा काळ 25ला संपत नाही. 6 जानेवारीला बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण असतो. गोव्यात रेइश मागूश, चांदर आणि कासावलीला तो थाटात होतो. तेव्हा उशीर झाला म्हणून ओशाळून गप्प बसू नका.

गोडावर गोड

फराळाने भरलेल्या घरात मिठाईचा पुडा नेणं म्हणजे दिवाळीत कुणी आपल्याला करंज्या आणून देण्यासारखं. तिथे खरी मागणी खारट-तिखटाला असते. घरची चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा, प्रत्येकी 400 ते 500 ग्रॅम, हवाबंद डब्यात. बिघडतं ते बांधताना. चकली कोमट असताना डबा लावला तर वाफ आतच धरते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते; तळल्यावर पूर्ण गार होऊ द्या. चिवड्यात कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळा, नाहीतर त्यातला ओलावा पोह्यांत उतरतो. डबा परत मागावा लागेल असा घेऊ नका.

फराळ सुरू होण्याआधी पोचत असाल तर कच्चा माल त्याहून चांगला. सोललेले पाच नारळ आणि अर्धा किलो काजू, हे गोवन किंवा वसईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या कॅथलिक) घरात हातोहात संपतं. काजू अख्खा भारीतला घेण्याची गरज नाही. डब्यावरचा 240 किंवा 320 हा आकडा एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात ते सांगतो. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. केकमध्ये त्याचे तुकडेच करायचे असतात, त्यामुळे पाकळी काजू पुरतो आणि स्वस्तही पडतो.

दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा डबा पुढे सरकवणं ही मात्र वेगळीच चूक. ‘शुभ दीपावली’ खोडता येत नाही, आणि दोन महिने उघड्यावर राहिलेला अक्रोड खवट झालेला असतो, कारण त्यातल्या तेलाला हवा लागते. द्यायचाच असेल तर आधी एक चावून बघा.

‘ख्रिस्ती म्हणजे सगळे सारखेच’

इथे चांगल्या मनाची माणसंही घसरतात. रममध्ये फळं भिजवलेला केक किंवा वाइनची बाटली कॅथलिक घरात बहुधा चालते. पण महाराष्ट्रातल्या अनेक प्रोटेस्टंट मराठी घरांत दारूचा थेंबही वर्ज्य असतो आणि सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट लोक दारू आणि डुकराचं मांस दोन्ही टाळतात. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत 1 डिसेंबरपासून नाताळापर्यंत उपास पाळणारे असतात. मांस-मासे तर नाहीतच, कडक पाळणारे अंडी आणि दूधही घेत नाहीत. त्यांना 15 तारखेला केक दिलात तर त्यांना तो नुसता बघत बसावा लागतो. तिथे लोण्याऐवजी तेलाचं मोहन घातलेली चकली चालते. यहोवाचे साक्षीदार तर नाताळ साजराच करत नाहीत. त्यांचे आभार मानायला दुसरा कुठलाही दिवस निवडा.

गोव्याहून फेणीची बाटली आणून देण्याची कल्पना अनेकांना सुचते. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं 1949च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. भेटीसाठी एवढी जोखीम नको.

येशूची मूर्ती, क्रूस, मोठी तसबीर यांपासूनही लांब राहा. प्रोटेस्टंट घरात मूर्ती ठेवत नाहीत. कॅथलिक घरात गोठ्यातल्या मूर्तींचा संच एका मापाचा असतो, त्यात तुमची मेंढी गाईपेक्षा उंच निघते.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घरात बहुधा ना चांदणी लागते ना फराळ होतो. तिथे चकचकीत कागदातली भेट खटकते. साधं जेवण किंवा थोडा फराळ घेऊन जा, बसा, बोला.

चांदणी आणि लाल पानांचं झाड

दोन्ही भेटी सुंदर, दोन्ही बिघडणाऱ्या. चांदणी 10 डिसेंबरच्या आत द्या, नंतर त्यांची लागलेली असते. समुद्राजवळच्या किंवा दव पडणाऱ्या भागात कागदी चांदणी आठवड्यात लोळते. प्लास्टिकची किंवा कापडी घ्या. सोबत पिनवाला होल्डर, पाच मीटर वायर आणि 7 ते 9 वॅटचा एलईडी बल्ब असू द्या. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब लावला तर तो तापून आतला कागद करपवतो. वायर आखूड निघाली की ती चांदणी कपाटात जाते, हे ठरलेलं.

पॉइन्सेटिया, म्हणजे हे लाल पानांचं झाड, घेताना कुंडीभोवतीचा चमकता कागद काढा किंवा त्याला तळाशी भोकं पाडा. पाणी त्यात साचतं, मुळं कुजतात आणि लोक म्हणतात ‘झाड नाजूक होतं’. माती वरून सुकली की मगच पाणी. एसीच्या झोतात पानं गळतात. त्याचा चीक हाताला खाजतो. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात देऊ नका. लाल दिसतात ती पानंच, आणि ती पुन्हा लाल व्हायला रोज सुमारे 14 तासांचा अखंड अंधार काही आठवडे लागतो. दिव्याखाली ठेवलेलं झाड पुढच्या वर्षी हिरवंच राहिलं तर ते मेलेलं नाही, एवढं सांगून ठेवा.

मदतीची किंमत लावणं

दवाखान्यात नेलं म्हणून चार हजारांचा मिक्सर दिला, की शेजारी अवघडतात आणि पुढच्या वेळी हाक मारायला तुम्ही अवघडता. 400 ते 800 रुपयांत बसणारी भेट पुरे. रोख पाकीट तर नकोच. भेट छोटी असली तरी सोबतच्या चिठ्ठीत नेमकी मदत लिहा. ‘सगळ्या मदतीबद्दल आभार’ यात काहीच नाही. ‘आंटी, जुलैत आम्ही गावी असताना तुम्ही रोज तुळशीला पाणी घातलंत, ती अजून हिरवी आहे. नाताळच्या शुभेच्छा!’ हे लोक जपून ठेवतात. एरवी ज्या नावाने हाक मारता तेच लिहा. कार्डावर अचानक ‘श्रीमती’ नको.

पैसे न लागणारी भेट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. 22-23 तारखेला त्यांचा फ्रिज तुडुंब असतो आणि ओव्हन एकच. आपल्या फ्रिजमधला एक कप्पा, दोन तास आपला ओव्हन, 25ला पाहुण्यांसाठी आपली पार्किंगची जागा, हे आधी सांगून द्या. कुलकुल वळायला हात लागतातच: पिठाची छोटी गोळी फोर्कच्या काट्यांवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची. दोन किलोंचं पीठ एकटीने वळायला संध्याकाळ जाते.

परदेशात, म्हणजे बर्फ उपसून देणाऱ्या अमेरिकन शेजाऱ्याला घरचं खाणं देत असाल, तर डब्यावर घटक लिहा. काजू-शेंगदाण्यासोबत तीळही लिहा. 2023पासून तिथे पाकिटावर सक्तीने लिहायच्या अॅलर्जीच्या पदार्थांत तीळही आहेत, आणि ते आपल्या चकलीत असतातच.

दिल्यानंतर

त्यांच्याकडून मोठी भेट उलट आली तर लगेच दुसरी नेऊ नका, ती शर्यत थांबत नाही. फराळाचं ताट आलं तर ते रिकामं परत जात नाही, पण त्याच दिवशी काहीतरी भरून पाठवायची घाईही नको. 14 जानेवारीला तिळाच्या वड्या घालून दिलं तरी चालतं. ताट काचेचं असेल तर मात्र धुऊन, साखर घालून दोन दिवसांत परत करा. तो लग्नातला सेट असायची शक्यता बरीच.