शिस्त मोडते कुठे? प्रार्थना, वाचन आणि उपवासातल्या या चुका टाळा

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत केलेले निश्चय सोलापुरात साधारण जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टिकतात. वर्षात बायबल पूर्ण करायचं म्हणून जोमाने सुरुवात करणारे बरेच जण गड्डा उठायच्या आतच थांबतात. याला लोक आळस म्हणतात. आम्ही चुकीचा हिशेब म्हणू.

मोठा आकडा धरून बसणं

६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. सोमवार ते शनिवार रोज ३ आणि रविवारी ५ अध्याय वाचले तर आठवड्याला २३ होतात आणि वर्षात बायबल संपतं. कागदावर हे सोपं दिसतं. पण या गतीने उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय तिसऱ्या आठवड्यात संपतात आणि चौथ्या आठवड्यात निर्गमचा २५ वा अध्याय येतो. तिथून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, हातांतली मापं, कड्या, पडदे, फळ्या सुरू होतात आणि त्यापाठोपाठ लेवीय हे पुस्तक. पहिल्यांदाच नेमाने वाचणारा माणूस इथे अडकणारच.

यंदा पहिलंच वर्ष असेल तर फक्त नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, घ्या. त्याचे २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. सुरुवात मार्कपासून करा, १६ अध्यायांत एक शुभवर्तमान पूर्ण होतं आणि हुरूप येतो. शनिवार-रविवार मोकळे ठेवा.

बुडालेलं एका बैठकीत भरून काढणं

चार दिवस वाचन राहिलं की पाचव्या दिवशी पाच दिवसांचं वाचायला बसायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकदा जमतं. दुसऱ्यांदा थकबाकी इतकी होते की पुस्तक उघडायचीच धास्ती वाटते. नियम एकच ठेवा: राहिलेलं राहू द्यायचं, आजचं वाचायचं. शनिवारी वेळ मिळाला तर मागचा एखादा अध्याय घ्यावा, नाही तर तोही सोडावा. देवाकडे हप्ते थकत नाहीत. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) क्रम स्पष्ट आहे: तारण कृपेने, सत्कृत्यं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की एक दिवस चुकल्यावर माणूस देवापुढे जायलाच लाजतो, आणि एका दिवसाचा महिना होतो.

दुसऱ्याच्या घड्याळावर प्रार्थना लावणं

'पहाटे चारलाच उठलं पाहिजे' असं सांगणारे मार्क १:३५ दाखवतात. येशू पहाटे उठून एकांतात गेला हे खरं. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०) आणि स्तोत्र ६३ मध्ये रात्रीच्या प्रहरांचं चिंतन आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्याने झोपायच्या आधीची वेळ धरावी. पहाटेची वेळ त्याच्यासाठी नाहीच.

दुसरी अडचण पाण्याची. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खं घर नळाभोवती फिरतं. 'सकाळी सहा' असा नियम अशा दिवशी हमखास मोडतो. म्हणून वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या कामाला बांधा: पहिला चहा संपल्यावर, डबा भरून झाल्यावर, पाळीवरून येऊन हातपाय धुतल्यावर. आणि नियमाचे दोन आकार ठरवून ठेवा. नेहमीचा १५ मिनिटांचा: २ मिनिटं शांत बसणं, ५ वाचन, ५ प्रार्थना, ३ मिनिटांत वहीत दोन ओळी. अडचणीच्या दिवसाचा ५ मिनिटांचा: एक छोटं स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. छोटा आकार केला तरी दिवस भरला असंच धरायचं.

घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे दिवसभर सुपावर असतात. त्यांनी मोबाइलवर मराठी बायबल ऐकलं तर ते वाचनच आहे. पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांनी प्रेषित पौलाची पत्रं ऐकलीच होती.

उपवासातल्या चुका

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, ४० दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार असे ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार वगळायचे. रविवारी उपवास धरू नये, तो पुनरुत्थानाचा दिवस. काही जण सलग ४६ दिवस रेटतात आणि पवित्र सप्ताहात आजारी पडतात.

आता सोलापूरचं ऊन. लेंटचा शेवटचा टप्पा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. या दिवसांत पाणीही सोडून उपवास करू नका. गुड फ्रायडेची बारा ते तीन उपासना असेल तर सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, हृदयविकार असलेले, यांनी जेवण सोडू नये. त्यांनी मोबाइल, मालिका किंवा चहातली साखर सोडावी.

नवख्यांनी आठवड्यातून एकच जेवण सोडावं, बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारचं. त्याऐवजी साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स खाल्ले तर पोट नेहमीपेक्षा जड होतं आणि मोकळा झालेला वेळ स्वयंपाकात जातो. त्या वेळेत प्रार्थना करावी आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे डब्यात टाकून ईस्टरच्या आधी गरजू घराला द्यावेत. यशया ५८:७ मधला उपवास भुकेल्याला भाकर वाटण्याचा आहे.

आणखी एक चूक जरा नाजूक. '२१ दिवस उपवास केला, आता मुलाला नोकरी लागलीच पाहिजे', हा ख्रिस्ती भाषेतला नवस झाला. नोकरीसाठी जरूर प्रार्थना करा, पण उपवासाची किंमत लावू नका. शरीराला छळूनही काही साधत नाही, कलस्सै २:२३ ते सांगतं. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत. पौलाने करिंथकरांना धावपटूचं उदाहरण दिलं (१ करिंथ ९:२४-२७) ते नेमकं याच शहरात कळणारं होतं. धावपटू शरीर तयार करतो, मोडत नाही.

व्यसन नुसत्या निश्चयाने सोडणं

इथे चूक जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने संजीवन सभेत (श्रद्धा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभेत) हात वर करून एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते. याला सैतानाचा हल्ला समजून घरात कोंडू नका, आधी सिव्हिलला किंवा डॉक्टरकडे न्या. प्रार्थना तिथेही करता येते. तंबाखू-माव्याचं वेगळं: तलफ काही मिनिटांत ओसरते, म्हणून तेवढा वेळ काढायची सोय आधीच करावी. खिशात बडीशेप, पाण्याची बाटली, आणि पुडी विकणाऱ्या टपरीवरून न जाणारा रस्ता.

गुपित ग्रुपवर टाकणं

चिकाटीला साथीदार लागतो. पण तो एकच असावा, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, शक्यतो घराबाहेरचा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं आणि तीन प्रश्न: किती दिवस नियम पाळला, कुठे घसरलो, पुढच्या आठवड्यात काय बदलू? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सकाळचं वचन पुढे ढकललं म्हणजे वाचन झालं असं होत नाही. त्याहून वाईट, 'अमक्यासाठी प्रार्थना करा' म्हणत त्याचं पापकबुलीचं बोलणं संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत पोचतं. असं एकदा झालं की तो माणूस पुन्हा कुणापाशी तोंड उघडत नाही. साथीदाराने ऐकलेलं पत्नीलाही सांगू नये.

कोरड्या दिवसांना पाप समजणं

काही महिने प्रार्थनेत काहीच वाटत नाही. अशा वेळी लोक गाणी वाढवतात, सभा वाढवतात, मंडळीचा पाळक बदलतात. त्यापेक्षा ५ मिनिटांचा छोटा आकार धरावा आणि स्तोत्र १३ किंवा ८८ मोठ्याने वाचावं. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरीही ते बायबलमध्ये आहे. मात्र दोन आठवडे सलग झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर ती कोरडी प्रार्थना नव्हे, आजार असू शकतो. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा.