फायबरच्या लाईनवर स्वतःचा राऊटर लावायचाय? मग डायल एकाच डब्याने करायचं

फायबर घेतलं की माणूस येतो, भिंतीला एक पांढरा डबा (त्यालाच ओएनटी म्हणतात) ठोकतो, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि जातो. त्या डब्याचं वायफाय हॉलमध्ये झकास चालतं, आतल्या बेडरूममध्ये रडतं आणि गच्चीवर तर नसतंच, मग आपण बाजारातून चांगला राऊटर आणतो, डब्याच्या लॅन पोर्टातून (घरातली डिव्हाईस जोडायची जागा) त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घ्यायची जागा) वायर टोचतो आणि नेट चालू झालं म्हणून खूश होतो. "बस एवढंच करायचं असतं" असं सांगणारे व्हिडिओ शेकड्याने पडलेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो, कारण हे असं केलं की घरात दोन राऊटर एकामागे एक चालतात, दोघंही घरातल्या डिव्हाईसना आपापले आयपी पत्ते (नेटवर्कमधले नंबर) वाटतात, आणि महिन्याभराने कॅमेरा बाहेरून दिसत नाही, ऑफिसचं व्हीपीएन तुटतं, गेममध्ये आवाज येत नाही, तेव्हा दोष कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. मी नातेवाईक, शेजारी, मित्र असं धरून पंधरा-वीस घरांत हे काम केलंय, ते नीट कसं करायचं ते सांगतो.

आधी एक ठरवा. तुम्हाला फक्त वायफायची रेंज वाढवायची आहे का? तसं असेल तर ब्रिज (तो काय ते पायरी ३ मध्ये) वगैरेच्या नादी लागू नका, नवा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (तो फक्त वायफाय देतो, पत्ते डबाच वाटतो) टाका, वायर जोडा, काम संपलं. चिपळूणला मामांच्या घरी जांभ्याच्या भिंती आहेत, तिथे मी हेच केलंय, दोन वर्षं कुणाची तक्रार नाही. पण जुन्या डब्यावर वीस-पंचवीस डिव्हाईस झाली की तो गुदमरतो, किंवा कॅमेरे, व्हीपीएन, मुलांच्या नेटवर वेळेचं बंधन असलं सगळं हवं असेल, तर पुढचं वाचा.

पायरी १: राऊटर बघून घ्या

वॅन पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएस) आहे ना, तेवढं बघा. स्वस्तातल्या राऊटरवर मोठ्ठं काहीतरी छापलेलं असतं आणि पोर्ट निघतो १०० एमबीपीएसचा, मग तुमचा प्लॅन ३०० चा असला तरी स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ च्या वर काटा जाणार नाही. वायर कॅट ५ई किंवा कॅट ६.

पायरी २: माहिती गोळा करा, कशालाही हात लावायच्या आधी

पीपीपीओईचं (आयडी-पासवर्ड देऊन कंपनीला डायल करायची पद्धत) युझरनेम आणि पासवर्ड कस्टमर केअरकडून किंवा तुमच्या भागातल्या केबलवाल्याकडून मागून घ्या. डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यावर विसंबू नका, नवीन सेट करून मेसेजवर मागा. युझरनेम पूर्ण हवं, ॲट आणि त्याच्या पुढचं सगळं धरून. मग डब्याच्या पानावर जा (बहुतेक १९२.१६८.१.१, डब्याच्या पाठीवर छापलेलं असतं) आणि वॅन किंवा इंटरनेट नावाच्या पानाचे मोबाईलने फोटो काढा, प्रत्येक नोंदीचा वेगळा. हे फोटो काढल्याशिवाय मी आता कुणाच्याही घरी काम सुरू करत नाही.

आणि दोन गोष्टींना हात लावायचा नाही म्हणजे नाही. एक, ती बारीक वायर, टोकाला हिरवा कनेक्टर असलेली. ती काढून बघायची नाही, टोकाला बोट लावायचं नाही, डोळा तर अजिबात लावायचा नाही, त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण असतो. दोन, डब्याच्या मागचं टाचणीने दाबायचं रिसेटचं भोक. "नेट येत नाही तर रिसेट मारा" हा सल्ला राऊटरला चालतो, फायबरच्या डब्याला नाही. कंपनीने लाईन ओळखायला आणि नेट सोडायला ज्या नोंदी आत भरून ठेवलेल्या असतात त्या पुसून जाऊ शकतात. मी एकदा भावाच्या पुण्याच्या फ्लॅटवर हे दाबलंय, शनिवारी रात्री, आणि माणूस मंगळवारी आला. वहिनीचं घरून ऑफिस होतं. तीन दिवस तिने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढले.

पायरी ३: डबा ब्रिज मोडमध्ये टाकणं

सगळी अडचण इथे आहे म्हणून इथे सावकाश सांगतो.

तुमचं नेट चालू होण्यासाठी कुणीतरी एकाने युझरनेम-पासवर्ड देऊन कंपनीला डायल करावं लागतं. आत्ता ते काम डबा करतोय. ब्रिज मोड म्हणजे डब्याला सांगायचं की तू डायल करू नको, फायबरमधून येईल ते सरळ वायरीवर सोड आणि वायरीवरून येईल ते फायबरवर, डायल माझा राऊटर करेल. डायल एकानेच करायचं. दोघांनी केलं तर बहुतेक कंपन्या एका आयडीवर एकच सेशन देतात, मग दोघं एकमेकांना ढकलत बसतात आणि नेट दर पाच मिनिटांनी जातं.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हे काम कंपनीकडूनच करून घ्यायचं. फोनवर "मला माझा राऊटर लावायचाय" एवढं म्हणालात तर समोरचा म्हणेल लावा की, आणि फोन ठेवेल. असं सांगा: "ओएनटी ब्रिज मोडला टाका, फक्त लॅन १ ला बाइंड करा, व्हीलॅनचा टॅग ओएनटीवरच ठेवा, पीपीपीओई मी राऊटरवरून डायल करणार आहे." (व्हीलॅन म्हणजे काय ते खाली येतंच.) हे वाक्य ऐकलं की समोरच्याला कळतं की काय हवंय, आणि पहिल्या माणसाला नाही कळलं तर तो कळणाऱ्याला फोन देतो. कंपनीने तिच्याकडून केलेला बदल टिकतो सुद्धा, कारण डब्याला कंपनी लांबून सेटिंग पाठवू शकते, आणि तुम्ही घरी बसून केलेला ब्रिज कधीतरी आपोआप मागे जाऊ शकतो.

स्वतः करणार असाल तर वॅनच्या यादीत नोंदींची नावं नीट वाचा. बऱ्याच डब्यांवर नावात टीआर०६९, इंटरनेट, व्हीओआयपी असे शब्द असतात, मग आर किंवा बी हे अक्षर आणि शेवटी व्हीआयडीच्या पुढे एक आकडा. आर म्हणजे रूट (डबाच डायल करतो आणि राऊटरचं काम करतो), बी म्हणजे ब्रिज, आणि तो आकडा म्हणजे व्हीलॅन आयडी, तो वहीत लिहून घ्या. व्हीओआयपीची नोंद म्हणजे तुमचा लँडलाईन, तिला हात लावू नका, ब्रिज केल्यावरही फोन डब्यालाच जोडलेला राहतो आणि चालतो. टीआर०६९ म्हणजे कंपनीची लांबून सेटिंग पाठवायची वाट, तो एकटा असेल तर तोही तसाच राहू दे. इंटरनेट असलेली नोंद बंद करा पण डिलीट करू नका, आणि नवीन नोंद बनवा: मोड ब्रिज, सर्व्हिस इंटरनेट, व्हीलॅन तोच आकडा, पोर्टमध्ये फक्त लॅन १ वर टिक. काही डबे त्याच व्हीलॅनवर दुसरी नोंद घेत नाहीत, तिथे जुन्याच नोंदीचा मोड बदलावा लागतो, म्हणूनच मगाशी फोटो काढायला सांगितले.

लॅन १ वरच टिक का, तर लॅन २ तुम्हाला आत शिरायला मोकळा हवा. ब्रिज झाल्यावर राऊटरमागून डब्याचं पान बहुतेक वेळा उघडत नाही, तेव्हा लॅपटॉप लॅन २ ला लावून त्याला हाताने १९२.१६८.१.५० असा पत्ता द्यायचा, पान उघडतं. जाता जाता डब्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारं सेटिंग) पण बंद करा, नाहीतर नवा राऊटर "ऑटो" वर असेल तर डब्याकडूनच पत्ता घेऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं झालं.

आता व्हीलॅन. मी ज्यात अख्खा शनिवार-रविवार घालवला ते हे. व्हीलॅनचा टॅग म्हणजे प्रत्येक पाकिटावर मारलेला एक शिक्का, तो आकडा बघून कंपनीची यंत्रणा पाकीट पुढे सोडते. शिक्का एकदाच मारायचा. डबा मारत असेल तर राऊटरमध्ये व्हीलॅन बंद, डबा मारत नसेल तर राऊटरमध्ये चालू आणि तोच आकडा. मी पहिल्यांदा डब्यातही भरला होता आणि "राऊटरमध्ये व्हीलॅन टाकायलाच लागतो" असं कुठेतरी वाचून राऊटरमध्येही भरला. दोन्ही आकडे बरोबर, युझरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि कनेक्ट होईना. मी दहा वेळा पासवर्ड टाईप केला, केबल बदलली, राऊटर दुकानात परत न्यायच्या बेतात होतो. रविवारी दुपारी सहज राऊटरमधला व्हीलॅन काढला आणि चार सेकंदात नेट आलं.

तेव्हापासून मी राऊटर आधी लावतच नाही. आधी लॅपटॉप सरळ डब्याच्या लॅन १ ला लावतो आणि विंडोजमध्येच जे ब्रॉडबँड पीपीपीओई कनेक्शन बनवता येतं ते बनवून डायल करतो. तीनच गोष्टी घडतात. कनेक्ट झालं, तर डबा ब्रिजला आहे, टॅग तोच मारतोय, राऊटरमध्ये व्हीलॅनला हात लावायचा नाही. एरर ६५१ आली, तर समोरून उत्तरच येत नाहीये, म्हणजे ब्रिज नीट झाला नाही, वायर चुकीच्या पोर्टात आहे, किंवा टॅग डबा मारत नाहीये आणि तो राऊटरला मारावा लागणार. एरर ६९१ आली, तर समोरच्याने उत्तर दिलंय पण तुम्हाला आत घेत नाहीये, म्हणजे ब्रिज आणि व्हीलॅन दोन्ही बरोबर आहेत, भांडण फक्त आयडी-पासवर्डचं आहे. हे दोन आकडे पाठ करा, अर्धा दिवस वाचतो.

६९१ मध्ये आणखी एक खोच आहे. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही ती येते, कारण डब्याने सकाळी केलेलं सेशन कंपनीच्या बाजूला अजून जिवंत असतं. तेव्हा पुन्हा पुन्हा डायल करू नका, सगळं बंद करून अर्धा तास थांबा किंवा फोन करून "जुनं सेशन क्लिअर करा" म्हणा. दुसरं म्हणजे मॅक बाइंडिंग. गल्लीतले छोटे नेटवाले पहिल्यांदा जोडलेल्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक डिव्हाईसचा स्वतःचा ओळख नंबर) आयडी बांधून ठेवतात. तुमचा नेटवाला तसा असेल तर लॅपटॉपची टेस्ट करायच्या आधीच त्याला फोन करून बाइंडिंग पूर्ण काढायला सांगा, नाहीतर लॅपटॉपवर ६९१ येईल किंवा आयडी लॅपटॉपलाच चिकटायचा.

आणि काही कंपन्या पीपीपीओई वापरतच नाहीत, डब्याच्या ओळखीवरच नेट देतात, ब्रिजचा पर्याय पानावर नसतोच. तिथे हट्ट करू नका, डब्याचं डीएमझेड (बाहेरून येईल ते सगळं एकाच डिव्हाईसकडे पाठवणारं सेटिंग) तुमच्या राऊटरच्या पत्त्याकडे वळवा आणि राऊटरचा आतला पत्ता वेगळ्या रांगेतला ठेवा, १९२.१६८.५०.१ असा काहीतरी. बहुतेकांचं भागतं.

पायरी ४: राऊटर

वॅन टाईप पीपीपीओई, आयडी, पासवर्ड, सेव्ह. व्हीलॅनचा रकाना काही राऊटरमध्ये आयपीटीव्हीच्या पानावर लपवलेला असतो, लागलाच तर तिथे बघा.

एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट) १४९२ ठेवा. इथरनेटच्या १५०० बाइटमधले ८ पीपीपीओई स्वतःला घेतं. बँकेची साईट उघडत नाही आणि बाकी सगळं चालतंय अशी तक्रार आली की मी आधी हाच आकडा बघतो.

पायरी ५: वायफाय

नव्या राऊटरला जुन्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, टीव्ही, कॅमेरे, आईबाबांचे मोबाईल सगळं आपोआप जोडलं जातं, घरभर फिरावं लागत नाही. डब्याचं वायफाय बंद करा. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक. राऊटर टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबू नका.

पायरी ६: तपासणी

राऊटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल (आणि तुम्ही डीएमझेडवाले नसाल) तर ब्रिज झालेलाच नाही, पायरी ३ वर परत या. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर ब्रिज झालाय, पण कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलाय, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कॅमेऱ्यासारख्या डिव्हाईसकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून काही दिसणार नाही, स्टॅटिक आयपीचे (फक्त तुमचा असा कायमचा पब्लिक पत्ता) पैसे भरावे लागतात. हे कॅमेऱ्यासाठी करणाऱ्यांनी राऊटर घ्यायच्या आधीच कंपनीला विचारावं.

लाईट जाते तिथे छोटा यूपीएस घेताना तो डबा आणि राऊटर दोघांनाही पुरेल असा घ्या, दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. नुसता राऊटर चालू राहून उपयोग नाही, डबा बंद म्हणजे नेट बंद.

आणि राऊटरच्या सेटिंगचा बॅकअप काढून ठेवा, शिवाय युझरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा आणि "लॅन १ ब्रिज" एवढं एका कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवा. पावसाळ्यात वायर तुटते, माणूस येतो, कधी डबाच बदलतो, आणि नवीन डबा नेहमी रूट मोडमध्येच लावून मोबाईलवर नेट दाखवून निघायला बघतो. त्याला दारातच थांबवा, तो कागद दाखवा आणि तुमच्या राऊटरवर नेट आल्यावरच सोडा.