पाचगणीच्या निवासी शाळेत पाठवण्याआधी

प्रवेश पक्का झाला की शाळेकडून सामानाची यादी येते: गणवेश किती, मोजे किती, ट्रंक केवढी. ती पाळाच, फक्त आतले कपडे आणि मोजे थोडे जास्त द्या. बाराशे मीटरहून उंचावरचं हे गाव. जून ते सप्टेंबर पाऊस आणि धुकं असतं, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. बुटांचा दुसरा जोड हवाच. नाव प्रत्येक कपड्यावर शिवून घ्या, मार्करचं नाव धुण्यात जातं.

अभ्यासाचं आधी बोर्डापासून पाहा, कारण इथे ते शाळेगणिक बदलतं. आयसीएसई असेल तर नववीत घेतलेले विषय दहावीपर्यंत चालतात. म्हणून आठवीतच मुलाशी बसून बोला. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे. परराज्यातून किंवा परदेशातून येणाऱ्या आपल्या मुलांची मराठी कोणत्या पातळीपासून सुरू होईल, हे विचारून ठेवा. संध्याकाळी ‘प्रेप’ म्हणजे सामुदायिक अभ्यासाचा तास असतो. फोन बाजूला ठेवून, शेजारी आईबाबा नसताना तासभर बसायची सवय घरीच लावा.

खेळ आणि छंदांसाठी माहितीपुस्तिकेतले फोटो पाहू नका, आठवड्याचं वेळापत्रक मागा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान भिजलेलं असताना मुलं काय करतात? घोडेस्वारी, पियानो यांची फी वेगळी आहे का? पहिल्या सत्रात दोनच गोष्टी घेऊ द्या, एक येत असलेली आणि एक अगदी नवी. जास्त घेतल्या की झोप तुटते, आणि नव्या जागी झोपेइतकं गरजेचं दुसरं काही नाही.

मूल वाईहून पसरणी घाटाने रोज ये-जा करणार असेल, तर शेवटची बस संध्याकाळच्या खेळानंतर सुटते की आधी, हे विचारा. आधी सुटत असेल तर डे स्कॉलर मुलांच्या वाट्याला निम्मी शाळाच येत नाही, आणि याबद्दल शाळेशी आग्रहाने बोलायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री अकराला पोट दुखलं किंवा रडू आलं, तर मुलाने कुणाचं दार वाजवायचं? मेट्रन, म्हणजे वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाई, त्याच मजल्यावर झोपतात का? समुपदेशक शाळेतच राहतात की ठरलेल्या दिवशी येतात? मोठ्या मुलांनी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची, आणि ती लेखी घेतात का? ही उत्तरं मुलासमोरच घ्या, म्हणजे त्यालाही ती माणसं दिसतील. मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या.

औषधं ट्रंकेत नकोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ती सिकरूममध्ये द्या. सोबत लसीकरणाची नोंद, रक्तगट, ॲलर्जी. दमा असेल तर इनहेलर मुलाजवळ राहील अशी लेखी परवानगी घ्या, कारण इथली दमट थंडी बाधते. अंथरूण ओलं होत असेल तर मेट्रनना एकांतात सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीशी पाळीबद्दल निघण्यापूर्वीच बोला आणि पॅड ट्रंकेत ठेवा, पाळी सुरू झाली नसली तरी.

‘नाही आवडलं तर लगेच घेऊन येऊ’ असं वचन मात्र देऊ नका. पहिल्या महिन्यात मूल त्याच शब्दाला धरून बसतं. त्याऐवजी फोनचे दिवस आणि पहिल्या सुट्टीची तारीख कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. ठरल्या वेळी फोन आला नाही तर मेट्रनना विचारा, आणि आला तर आधी ऐका, उपदेश नको.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार आणि फोटो. स्थानिक पालक म्हणून दोन तासांत पाचगणीला पोचू शकेल अशाच माणसाचं नाव द्या, आणि त्या माणसाला आधी विचारून.