अपील टाकलं, तरी दरखास्त चालूच?

निपाणी-खानापूरकडे अजून पुष्कळांना वाटतं, अपील टाकलं की दरखास्त (म्हणजे हुकूमनाम्याची कोर्टामार्फत अंमलबजावणी) आपोआप थांबते. थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 खाली स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. मोठं नुकसान दाखवा, दिरंगाई नको, तारण द्यायची तयारी लिहा. अपिलाची मुदत (जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात 90) उलटली असेल तर आधी विलंबमाफीचं बघा.

खरी पंचाईत पुढं. स्थगिती मिळते, तरी बेलीफ दारात! कारण आदेश खालच्या कोर्टाला कळल्यापासूनच लागू होतो. प्रत पोचेपर्यंत अपीलदारानं स्थगिती मिळाल्याचं, स्वतःच्या माहितीवरचं प्रतिज्ञापत्र दरखास्तीत त्याच दिवशी द्यावं; त्यावर कोर्टाला थांबावंच लागतं. 'वकिलांनी सांगितलं' एवढ्यावर भागत नाही.