विमानप्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक अंतराची नसते, तारखेची असते. मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख आणि 01:30 अशी वेळ असेल, तर 15 च्या दुपारी जालन्याहून गाडी काढून काय उपयोग? विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. 14 च्या रात्री साडेदहाला विमानतळावर हजर असायला हवं. समृद्धी महामार्ग असला तरी जालनेकरांनी 14 ला दुपारच्या आत निघावं. नांदेडकरांनी तर 13 चीच देवगिरी एक्सप्रेस धरलेली बरी. घरच्या कॅलेंडरवर खूण 14 वर करा, 15 वर नको.

दुसरी गफलत वजाबाकीची. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून पहाटे 2 ला सुटून लंडनला सकाळी साडेसहाला उतरतं. साडेचार तासांत लंडन? दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, म्हणजे प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यात हाच फरक साडेचार तासांचा होतो, कारण तिकडे मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे करतात. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. परतताना उलटं: हिवाळ्यातच लंडनहून सकाळी साडेनऊला निघून मुंबईत रात्री साडेअकरा, दिसायला चौदा तास, खरे साडेआठ. खरं तर तिकिटावर एकूण कालावधी लिहिलेला असतो. तो वाचायचा कंटाळा का करतात, कळत नाही.

जायला दहा आणि यायला साडेआठ कसे, असा प्रश्न पडेल. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते विमानाला ढकलतात, जाताना आडवे येतात. म्हणून 7,200 किलोमीटर भागिले ताशी 900, आठ तास, हा हिशेब जमत नाही. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि कधी बंद हवाई हद्दीला घातलेला वळसाही धरा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पट्टीची रेघ मुंबईहून न्यूयॉर्कला आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो युरोपवरून जातो, आणि जवळचा रस्ता तोच. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं असेल, तर तासाभराचाच तर प्रवास, असं म्हणून पुढचं विमान दोन तासांवर ठेवू नका. बॅगा मुंबईत स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, टर्मिनल बदलावं लागू शकतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. सहा तास मोकळे ठेवा.