म्युनिकमध्ये रुळताना: पहिल्या काही महिन्यांची भटकंती कशी आखावी

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी म्युनिकला आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे पत्त्याची नोंदणी, बँकेचे खाते, आरोग्यविमा आणि घराचा शोध यांतच निघून जातात. मग एखादा मोकळा रविवार उजाडतो आणि लक्षात येते की दुकाने बंद आहेत, रस्ते सामसूम आहेत आणि घरात दूधही नाही. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात शनिवारी रात्री आठच्या आत वाणसामान भरून ठेवायचे असते, हा धडा बहुतेकांना असाच मिळतो. हा रिकामा रविवार घरी फोनवर बोलत घालवण्यापेक्षा सुरुवातीपासूनच फिरण्यासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. मात्र प्रेक्षणीय स्थळांची यादी उरकण्यासाठी फिरू नये. प्रत्येक फेरीत शहराची एखादी रीत अंगवळणी पडावी, म्हणजे एकदा तिकीट समजावे, एकदा वेळापत्रक, एकदा अनोळखी माणसांच्या टेबलावर बसण्याची पद्धत. असा विचार केला की क्रमही बदलतो आणि ज्या राजवाड्याचे चित्र पाहून आपण भारावलेलो असतो, तो यादीत सर्वांत शेवटी जातो.

सुरुवात उंचावरून करावी. मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकाजवळ आल्टर पेटर नावाचे जुने चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याच्या सुमारे 300 अरुंद पायऱ्या चढून गेले की फ्राउएनकिर्शे या कॅथेड्रलचे हिरवे घुमट असलेले दोन बुरूज समोर उभे राहतात. हे बुरूज जवळजवळ 99 मीटर उंच आहेत, आणि 2004 साली नागरिकांनी सार्वमतात 100 मीटरपेक्षा उंच नव्या इमारती नकोत असा कौल दिल्यामुळे ते आजही शहरात बऱ्याच ठिकाणांहून दिसतात. वाट चुकली की आधी हे घुमट शोधावेत, म्हणजे आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळते. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा वाहतो त्या दिवशी याच मनोऱ्यावरून आल्प्सची रांग हाताच्या अंतरावर असल्यासारखी दिसते, म्हणून हवा तशी असेल तर दुसऱ्यांदाही चढण्याचा कंटाळा करू नये. खाली चौकात नगरभवनाच्या घड्याळातील बाहुल्या रोज 11 आणि 12 वाजता नाचतात. ते एकदा पाहिले की पुरे.

यानंतरचा विषय तिकिटाचा असून त्यावर एक संध्याकाळ खर्च करावी, कारण पुढची सगळी भटकंती त्यावर अवलंबून असते. महिन्याच्या वर्गणीचे डॉइचलँड तिकीट मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झाले आणि नंतर त्याची किंमत वाढत गेली, तरीही रोज कामाला जाणाऱ्याला ते परवडते. त्यावर शहरातील उ-बान (भुयारी रेल्वे), एस-बान (उपनगरी रेल्वे), ट्राम आणि बस तर चालतातच, शिवाय देशभरातील प्रादेशिक रेल्वेगाड्याही चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र ते चालत नाही. वर्गणी थांबवायची असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते, आणि ही तारीख विसरणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. ज्यांच्याकडे हे तिकीट नाही अशा चार-पाच मित्रांना एकत्र जायचे असेल, तर एका दिवसाचे बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकीट स्वस्त पडते. ते कामाच्या दिवशी सकाळी 9 नंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून लागू होते, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालते आणि त्यावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. यंत्रातून काढलेल्या काही कागदी तिकिटांवर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील छोट्या यंत्रात छाप उमटवून घ्यावी लागते. तिकीट खिशात असूनही छाप नसेल तर तपासनीस 60 युरोंचा दंड मागू शकतो आणि “मला माहीत नव्हते” हे उत्तर सहसा चालत नाही.

गाडीच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगतो. दुसऱ्याच महिन्यात टेगर्नझे या तळ्याकडे जायला निघालो, गाडी बरोबर, वेळ बरोबर, तिकीटही बरोबर. होल्झकिर्खेन स्थानकात काही सूचना झाली, लोक फलाटावरून धावत पुढच्या डब्यांत गेले, आणि मी मात्र खिडकीबाहेरची हिरवी कुरणे पाहत शांतपणे बसून राहिलो. गाडीचे तिथे भाग होतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या गावाला जातो, हे मला पुढच्या स्थानकाचे नाव वाचल्यावर कळले. चढतानाच डब्याच्या दारावरील पाटीवर शेवटच्या स्थानकाचे नाव वाचावे आणि “त्सुगटाइल” (गाडीचा भाग) हा शब्द कानावर पडला की सावध व्हावे. म्युनिकच्या मुख्य स्थानकात डोंगरांकडे जाणाऱ्या अनेक गाड्या बाजूच्या भागांतील फलाटांवरून सुटतात आणि तिथपर्यंत चालायलाच सहा-सात मिनिटे लागतात, म्हणून दहा मिनिटे आधी पोहोचण्याची सवय ठेवावी. शनिवार-रविवारी शहराच्या मधोमध जाणारा एस-बानचा मार्ग दुरुस्तीसाठी बंद असणे हेही नेहमीचेच आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी ॲप पाहणे चुकवू नये.

पावसाळी किंवा बर्फाळ रविवारसाठी संग्रहालये आहेत. आल्टे पिनाकोटेकसारख्या अनेक सरकारी कलासंग्रहालयांत रविवारी प्रवेशशुल्क फक्त 1 युरो असते. एका दिवसात सगळी दालने पालथी घालण्याचा मोह आपल्याला होतो, कारण पैसे वसूल करण्याची सवय असते. पण 1 युरोमध्ये वसूल करण्यासारखे काही नाही, म्हणून एका वेळी एकच दालन पाहावे. मी एका रविवारी केवळ आल्ब्रेख्ट ड्युरर या चित्रकाराचे 1500 सालचे आत्मचित्र पाहायला गेलो होतो आणि अर्ध्या तासात बाहेर पडलो.

उन्हाळ्यात मात्र बिअरगार्टनसारखी, म्हणजे झाडांखालच्या उघड्या बिअरबागेसारखी, शाळा नाही, मग तुम्ही बिअर पीत असा वा नसा. 1812 मध्ये राजा माक्सिमिलियन पहिला याने मद्यनिर्मात्यांना आपल्या तळघरांजवळ बिअर विकण्याची मुभा दिली, पण पावाखेरीज अन्न विकायला मनाई केली, आणि त्यातून घरचा डबा घेऊन येण्याची प्रथा रुजली. ती आजही चालू आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर बसून घरचे जेवण खाता येते, फक्त पेय तिथलेच घ्यावे लागते. सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे मिश्रण, म्हणजे आपफेलशोर्ले, सगळीकडे मिळते. पेल्यासाठी अनामत रक्कम घेतात आणि पेला परत केला की ती परत मिळते. रिकामी जागा दिसली तर आधी “इस्ट हिअर नोख फ्राय?” म्हणजे “ही जागा मोकळी आहे का?” असे विचारून अनोळखी कुटुंबाशेजारी बसावे. हिर्शगार्टनमधील चेस्टनटच्या झाडांखाली आम्ही एकदा डबा उघडला, तेव्हा शेजारच्या आजींनी थालीपीठ बोटाने हलकेच दाबून पाहिले, ते कशाचे आहे असे विचारले, आणि भाजणीत किती धान्ये असतात हे मोडक्या जर्मनमध्ये सांगता सांगता माझी ज्वारीपाशीच गाडी अडली. पण भाषेच्या वर्गात तीन आठवड्यांत जेवढे बोललो नव्हतो तेवढे त्या तासाभरात बोललो. लोणच्याची बरणी मात्र घट्ट बंद होणारी न्यावी.

आता शहराबाहेर पडायला हरकत नाही. पहिली फेरी एस-बान जाते तिथपर्यंतचीच असावी. एस-8 च्या शेवटच्या स्थानकावर, हेर्शिंगला, उतरावे, आमरझे तळ्याच्या काठी थोडे थांबावे आणि किनटाल या झाडीच्या दरीतून आंडेक्सच्या मठापर्यंत चढत जावे. हा बेनेडिक्टिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ शतकानुशतके तीर्थक्षेत्र आहे आणि तिथे बिअरही तयार होते. देवदर्शनाला निघालेल्या आपल्या माणसाला याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. पुढे खऱ्या डोंगरांत गेल्यावर पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली आढळते. ती इथल्या चालीने धरलेली असते, त्यामुळे मुले किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तिच्या दीडपट वेळ गृहीत धरावा. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा परतीची वाट दोनच्या सुमारास धरावी.

रेल्वेने पाऊण तासावर असलेल्या आउग्सबुर्गमध्ये फुगराय ही वसाहत आहे. याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने ती 1521 मध्ये गरजू कॅथलिक नागरिकांसाठी स्थापन केली. आजही तिथे लोक राहतात आणि मूळ भाडे वर्षाला 0.88 युरो इतकेच आहे, सोबत रोज तीन प्रार्थना म्हणण्याची अट आहे. म्युनिकमध्ये नुकतेच घर शोधून दमलेल्या माणसाला ही संख्या दोनदा वाचावीशी वाटते.

डाखाउसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही मौजेला जोडू नये. एस-2 ने डाखाउ आणि तिथून 726 क्रमांकाच्या बसने छळछावणीच्या स्मारकापर्यंत जाता येते. मार्च 1933 मध्ये नाझींनी उघडलेल्या या छावणीचे स्मारक 1965 पासून आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. लहान मुलांना नेऊ नये. ज्या समाजात आपण राहायला आलो आहोत तो आपल्या इतिहासाविषयी कसे बोलतो, हे तिथे दिसते, आणि पुढे सहकाऱ्यांशी बोलताना कुठे जपून बोलावे हेही उमगते.

बायर्न तिकीट आणि डॉइचलँड तिकीट दोन्हींवर ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत जाता येते. मात्र सीमेवर तपासणी होते, म्हणून पासपोर्ट आणि निवासपरवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवावा, मोबाइलमधील छायाचित्र पुरत नाही.

राहिला नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा. राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये त्याचे काम सुरू केले, तो पूर्ण होण्याआधीच 1886 मध्ये राजाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तो लोकांसाठी खुला करण्यात आला. जुलै 2025 मध्ये लुडविगच्या राजवाड्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्याने गर्दी कमी होण्याची आशा नाही. इथे पहिल्याच महिन्यात जाऊ नये. भारतातून आई-वडील येतील तेव्हा त्यांना हाच राजवाडा पाहायचा असतो आणि तोवर गाड्या बदलण्याचा तुम्हाला सरावही झालेला असतो. आतील मार्गदर्शित फेरीचे ठरावीक वेळेचे तिकीट काही दिवस आधी ऑनलाइन काढावे. राजवाड्याजवळच्या फ्युसेन गावापर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे बस आणि शेवटी अर्ध्या-पाऊण तासाची चढण असा हिशेब धरून तिकिटाची वेळ दुपारची घ्यावी. आईच्या गुडघ्यांचा विचार करून वर जाणाऱ्या बसची किंवा घोडागाडीची चौकशी खालीच करावी, आणि दशम्यांचा डबा चढण सुरू होण्याआधीच संपवावा.