स्पॅनिश नाटकातली अब्रू वाचायला घेताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी सतराव्या शतकातली स्पॅनिश नाटकं अभ्यासाला आली. मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं: ‘ओनोर म्हणजे माणसाची आतली, खरी प्रतिष्ठा, ओन्रा म्हणजे लोकांनी दिलेली.’ पहिला निबंध या दोन शब्दांच्या भरवशावर लिहिला आणि तो साफ फसला. नाटककार हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, कधी तर केवळ आठ अक्षरांच्या ओळीत बसावा म्हणून. लोपे दे बेगाच्या एका नाटकात सरळ म्हटलंय की ओन्रा दुसऱ्याकडून मिळते, स्वतःपुरता कुणीच प्रतिष्ठित नसतो. पण त्यावरून सगळ्या नाटकांचा शब्दकोश बनवता येत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की शब्द पाहू नका, अब्रूवर घाला आल्यावर पात्र काय करतं ते पाहा. आणि सुरुवात काल्देरोन या नाटककाराच्या ‘एल अल्काल्दे दे सालामेआ’ या नाटकापासून करा.

गोष्ट स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या सालामेआ गावची. स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालकडे निघालाय आणि त्याचं सैन्य गावात उतरलंय. पेद्रो क्रेस्पो हा सधन शेतकरी, जन्माने खानदानी नाही. मुलगा त्याला सुचवतो की पैसे भरून खानदानीपणाची सनद घ्या. क्रेस्पोचं उत्तर मला तोंडपाठ आहे. टकलू माणसाने टोप घातला तर लोक म्हणतात, टोप काय छान बसलाय! पण तो टकलू आहे हे सगळ्यांना ठाऊकच असतं, मग त्याने कमावलं काय? खोट्या प्रतिष्ठेवर याहून नेमकं काही मी अजून वाचलेलं नाही. शेजारीच दोन मेंदो हा उपाशी खानदानी दाखवलाय, पोटात काही नसताना दात कोरायची काडी मागणारा. ही दोन दृश्यं एकामागून एक वाचा.

पुढे कप्तान क्रेस्पोच्या मुलीला, इसाबेलला, पळवून तिच्यावर बलात्कार करतो. त्याच सुमाराला गाव क्रेस्पोला अल्काल्दे निवडतं. हा शब्द अरबी ‘अल्-कादी’वरून आलाय, म्हणजे आपला काजीच. त्यामुळे त्याला नुसता ‘महापौर’ समजलात तर नाटक हातातून निसटेल. न्यायनिवाडाही त्याच्याच हाती आहे. क्रेस्पो कप्तानासमोर अधिकाराची काठी बाजूला ठेवतो, गुडघे टेकतो, सगळी मालमत्ता देऊ करतो, मला आणि माझ्या मुलाला डाग देऊन गुलाम म्हणून विका असंही म्हणतो; बदल्यात एवढंच, की मुलीशी लग्न कर. कप्तान झिडकारतो. मग क्रेस्पो उठतो, काठी हातात घेतो आणि त्याला अटक करतो. हा प्रवेश मोठ्याने वाचा, दोनदा वाचा. वाकताना माणसाची किंमत कमी होत नाही, हे इथे रंगमंचावर डोळ्यांनी दिसतं.

माझे डोळे मात्र त्यानंतरच्या एका छोट्या संवादाने उघडले. क्रेस्पो मुलीला फिर्यादीवर सही करायला सांगतो. ती चकित होते: आपल्यावरचा अत्याचार लपवायला निघालेले तुम्हीच आता तो जाहीर करता? ‘लोक काय म्हणतील’साठी स्पॅनिशमध्ये अगदी तसाच शब्दप्रयोग आहे, ‘एल के दिरान’. क्रेस्पो त्या धाकातून इथे बाहेर पडतो.

याच्याशेजारी काल्देरोनचंच ‘एल मेदिको दे सु ओन्रा’, म्हणजे ‘स्वतःच्या अब्रूचा वैद्य’, ठेवा. दोन गुतिएरेला बायकोचा, मेन्सियाचा, संशय येतो. ती निर्दोष आहे. तो तिला काही विचारत नाही. उपचार म्हणून शीर कापून रक्त काढणाऱ्या एकाला डोळे बांधून आणवतो आणि तिला रक्तस्रावाने मारतो. सगळं गुपचूप, कारण ती अब्रू दुसऱ्यांच्या डोळ्यांतच राहते आणि तिथे बातमी पोचता कामा नये. शेवटी तो राजाला सांगतो की धंदेवाले दारावर आपली खूण लावतात, माझा धंदा अब्रूचा, म्हणून दारावर रक्ताचा हात. राजा त्याचं दुसरं लग्न लावून देतो. वर्गात आमच्यापैकी बरेच जण काल्देरोनवरच चिडले होते. पात्र बोलतं ते लेखकाचं मत, असं धरू नका. तो रक्ताचा हात प्रेक्षकांसमोर कोण धरतो, ते विचारा.

कामाच्या दोन गोष्टी. मूळ संहिता ‘बिब्लिओतेका विर्तुआल मिगेल दे सेर्वान्तेस’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुन्या शब्दांसाठी कोबार्रुबियासचा 1611 चा कोश जवळ ठेवा, आजचा कोश फसवतो. लोपेचं 1609 चं नाट्यलेखनावरचं छोटं पद्यही वाचा. अब्रूचे विषय सगळ्यांना जोराने हलवतात म्हणून ते उत्तम, असं तो त्यात उघडच लिहितो.

भाषांतर करणार असाल तर क्रेस्पोच्या प्रसिद्ध ओळींवर थांबा. राजाला मालमत्ता आणि जीव द्यावा, पण ओनोर हे आत्म्याचं ‘पात्रिमोनियो’ आणि आत्मा फक्त देवाचा. मी आधी ‘ठेवा’ लिहिलं होतं. पण बोलणारा शेतकरी आहे आणि त्या शब्दात वडिलोपार्जित मिळकत आहे. राजाला द्यायची ती जमीनजुमल्याची मालमत्ता, आणि ही दुसरी, जिच्यावर राजाचा हक्क चालत नाही. आता मी ‘आत्म्याची वडिलोपार्जित मिळकत’ असं लिहिते. लांब होतं, पण शेतकऱ्याच्या तोंडी शोभतं.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. राजा येतो, क्रेस्पोचा न्याय मान्य करतो, त्याला कायमचा अल्काल्दे नेमतो. इसाबेल मात्र मठात जाते. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला रानात एकटी उभी राहून ती उजाडूच नये असं म्हणते, कारण उजेडात तिला स्वतःची लाज दिसेल. बापाला आत्म्याची मिळकत आहे, मग हिची कुठे गेली? माझा प्रबंध सध्या त्या स्वगतावर अडला आहे.